गोरमाटीला अक्षरं कोणती? तांड्यावरच्या लिपीच्या चर्चेचा आढावा

जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांत गावापासून थोडं अंतर राखून वसलेले बंजारा तांडे आहेत. तांड्यावर घराघरांत बोलली जाते ती गोरमाटी, म्हणजेच गोरबोली. सरकारी कागदांत तिलाच कधी बंजारी, कधी लमाणी, कधी लंबाडी म्हटलं जातं. होळीची लेंगी, तीजेची गाणी, नवरी सासरी निघताना गळ्यात पडून म्हटला जाणारा ढावलो, सेवालाल महाराजांची भजनं, नायक-कारभाऱ्यांच्या बैठकीतली बोलणी असं मोठं भांडार या भाषेत पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आलं. स्वतःची अशी रूढ लिपी तिला नाही. गेल्या काही दशकांत तांड्यावरची शिकलेली पिढी या भाषेत कविता, लेख, लग्नपत्रिका, फोनवरचे निरोप लिहू लागली आणि ही भाषा लिहायची कोणत्या अक्षरांत, हा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न फक्त बंजारा समाजाचा नाही. कोरकू, गोंडी, कोलामी, निहाली, कैकाडी या महाराष्ट्रातल्या सगळ्या भाषांपुढे तो कमी-अधिक प्रमाणात आहे. दूर प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या भाषांनी तो दोनशे वर्षांपूर्वी झेलला आणि काही बेटांवर तो आजही मिटलेला नाही. जालन्याच्या तांड्यावरून पाहिलं तर या चर्चेला एक खास वळण आहे. इथे लिपीचा गुंता भाषेतल्या ध्वनींमुळे जितका झाला, त्याहून जास्त राज्यांच्या सीमांमुळे झाला. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एक भाषा, तीन राज्यं

१९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वेळी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मराठवाड्यातले, तेलंगणातले आणि बिदर-गुलबर्ग्याकडचे तांडे एकाच राज्यात होते. सोयरिकी इकडून तिकडे होत आणि त्यांची बोली एकमेकांना सहज कळे. त्या राज्यात शिक्षण-कारभाराची भाषा उर्दू होती आणि तांड्यावर शाळाच नसल्यामुळे लिपीचा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. तांड्यावर शाळा आली ती यानंतर, आणि प्रत्येक राज्याची शाळा आपली लिपी घेऊन आली. आज तेलंगणातला बंजारा मुलगा तेलुगू लिपी शिकतो, कर्नाटकातला कन्नड, मराठवाड्यातला देवनागरी. घटनेच्या दृष्टीनेही तिघं तीन ठिकाणी आहेत. तेलंगणात ते अनुसूचित जमातीत मोडतात, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. सवलती, शिष्यवृत्त्या, आश्रमशाळा, अभ्यासाच्या संस्था यांचा सगळा ढाचा या वर्गवारीवर उभा असतो. त्यामुळे भाषेसाठी तिन्ही राज्यांना एकत्र आणणारी सरकारी चौकट आपोआप तयार झाली नाही.

जनगणनेचा भाग वेगळाच. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३२ लाख आणि बंजारी सांगणारे १५ लाखांवर लोक आहेत. हे दोन्ही आकडे वेगवेगळे नोंदले गेले आणि दोन्ही हिंदीच्या पोटात टाकले गेले. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात बंजारीला भिल्ली आणि खानदेशीच्या सोबत जागा मिळाली होती. राजस्थानी बोलींशी तिचं नातं तेव्हापासून अभ्यासक सांगत आले आहेत. पुढे रोनाल्ड ट्रेल यांनी १९७० मध्ये लमाणीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. म्हणजे भाषाशास्त्रज्ञांनी ती रोमन खुणांत कधीच लिहून ठेवली होती, पण ते लिखाण तांड्यावर कुणाच्या हातात पडलं नाही आणि पडलं असतं तरी वाचता आलं नसतं.

इतकी माणसं जी भाषा बोलतात ती धोक्यात कशी, असं कुणी विचारेल. बोलणाऱ्यांच्या संख्येवर भाषेची प्रकृती पूर्ण कळत नाही. शहरात स्थिरावलेल्या बंजारा घरांत आजी गोरमाटीत बोलते, आई अर्धी गोरमाटी आणि अर्धी मराठी बोलते आणि नातू मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. जालना शहरात आणि संभाजीनगरात हे चित्र नेहमीचं आहे. तांड्यावर भाषा अजून भक्कम आहे, पण तांड्याबाहेर पडलेल्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

देवनागरीचा पक्ष

महाराष्ट्रात व्यवहाराने कौल आधीच दिलेला आहे. गोरमाटीत लिहिणारे बहुतेक सगळे देवनागरीत लिहितात. भीमणीपुत्र मोहन नायक यांच्यासारख्या लेखकांनी गोरबोलीचं सौंदर्य आणि तिचा शब्दसाठा मांडण्यासाठी आयुष्य वेचलं, तेही देवनागरीतच.

या पक्षाचं म्हणणं सरळ आहे. मूल पहिलीत देवनागरी शिकतंच. त्याच अक्षरांत त्याची घरची भाषा समोर आली तर नव्याने काही शिकावं लागत नाही. छपाई, फोन, संगणक, शिक्षक सगळं तयार आहे. आणि ध्वनींचंही फारसं अडत नाही. महाप्राण व्यंजनं, मूर्धन्य ण आणि ळ हे सगळं गोरमाटीत आहे आणि देवनागरीतही आहे. ळ तर हिंदीच्या रोजच्या लिखाणात नसतो, मराठीच्या असतो, त्यामुळे मराठवाड्यातली बालबोध या भाषेच्या अंगाला हिंदीच्या वळणापेक्षा जास्त बरोबर बसते.

ज्यांचा या पक्षाकडे कल आहे ते मराठीचाच इतिहास पुढे करतात. मराठी कित्येक शतकं मोडीत लिहिली गेली. हिशेब, पत्रं, दप्तरं सगळी मोडीत. विल्यम कॅरीने १८१० साली छापलेल्या मराठी शब्दकोशातले मराठी शब्दही मोडी खिळ्यांत होते. पण छापखान्याला बालबोध सोयीची पडली, शाळा तिच्यावर उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतूनही गेली. मोडी गेली म्हणून मराठी मेली नाही. लिपी बदलली तरी भाषा टिकते, हा या मंडळींचा मुख्य आधार आहे आणि तो बिनतोड वाटतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मराठीच्या मागे तेव्हा शाळा, वर्तमानपत्रं आणि पुढे राज्य उभं होतं. गोरमाटीच्या मागे यातलं काही नाही.

अडचण कुठे येते

अडचण लिहायला बसल्यावर कळते. ‘मी घरी जातो आहे’ हे साधं वाक्य घ्या. कुणी लिहितो ‘म घर जारो छू’. दुसरा लिहितो ‘मं घर जारोछूं’. तिसरा, ज्याच्या बोलण्यात छ चा महाप्राण पातळ झाला आहे, तो लिहितो ‘म घर जारोचु’. तिघंही आपण उच्चारतो तसंच लिहितात. क्रियापद आणि साहाय्यक क्रियापद जोडायचं की तोडायचं, शेवटच्या स्वराला अनुस्वार द्यायचा की नाही, उकार ऱ्हस्व की दीर्घ, छ की च, असे चार निर्णय या एका छोट्या वाक्यात दडलेले आहेत आणि त्यातला एकही लिपीने सोडवलेला नाही.

अनुस्वाराचा घोळ तर पाहण्यासारखा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ बोलताना गळतो. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. गोरमाटीत ‘जावछ’ म्हणजे ‘जातो’. यातला शेवटचा अ पूर्ण ऐकू येतो, पण मराठी शाळेत शिकलेला वाचक सवयीने तो तोडतो. म्हणून कुणी ‘जावछं’ असा अनुस्वार देतो, कारण मराठीत ‘असं’, ‘केलं’ यांतला अनुस्वार हा लांबलेला अ दाखवतो हे त्याला शाळेतून माहीत असतं. कुणी अवग्रह लावून ‘जावछऽ’ लिहितो. पण गोरमाटीत ‘कांई’सारखे खरोखर नाकातून बोलले जाणारे शब्दही आहेत आणि तिथेही अनुस्वारच लागतो. एकाच टिंबाला दोन कामं लावली गेली. ज्याला भाषा येते तो अंदाजाने वाचतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो शहरातला नातू मात्र नेमका इथेच चुकतो.

यावर दुसरा एक गट म्हणतो की देवनागरी घ्या, पण मराठीच्या सवयींसकट घेऊ नका. गरज असेल तिथे खुणा वाढवा. याला भक्कम पूर्वाधार आहे. सिंधीसाठी देवनागरीत आडव्या रेषेची वेगळी अक्षरं आली, डोगरी आणि बोडोमध्ये सूर दाखवण्यासाठी अक्षरानंतर वर एक छोटी खूण देतात. मेळघाटातल्या कोरकूचा अभ्यास करणारे नॉर्मन झाईड यांनी त्या भाषेतल्या खालच्या सुराकडे लक्ष वेधलं होतं. देवनागरीत रोजची कोरकू लिहिताना तो सूर दिसत नाही आणि तिथे अशी खूण उपयोगी पडेल. आणि मराठीनेही स्वतःच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ इंग्रजी शब्दांसाठी सामावून घेतलेच ना! इंग्रजी ‘बॅट’साठी वर्णमाला वाढते तर तांड्यावरच्या भाषेसाठी का वाढू नये, हा प्रश्न मला रास्त वाटतो. उलट बाजूने सांगितलं जातं की प्रत्येक नवी खूण म्हणजे फोनवर न सापडणारं एक बटण, आणि लोक ती गाळतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणून चर्चा अडून राहिली आहे.

स्वतःची लिपी हवी, असं म्हणणारे

तिसरा पक्ष भावनेचा आहे असं वरवर वाटतं. तो तेवढाच नाही. लिपी नाही म्हणून ‘ही भाषा नव्हे, बोली’ असं ज्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं, त्यांना वेगळी लिपी म्हणजे त्या बोलण्याला उत्तर वाटतं. शास्त्रीयदृष्ट्या भाषा आणि बोली यांचा लिपीशी काही संबंध नाही, पण हे ऐकवणारे शास्त्र पाहून ऐकवत नाहीत. बंजारा समाजातही स्वतंत्र लिपीचे प्रस्ताव अधूनमधून मांडले गेले. व्यवहारात रुजलेली लिपी मात्र अजून नाही.

या पक्षाचं सर्वांत मोठं उदाहरण संथाळी. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी ही लिपी घडवली. त्याआधी आणि नंतरही संथाळी रोमन, बंगाली, ओडिया, देवनागरी अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली जात होती, म्हणजे आज गोरमाटीची जी तऱ्हा आहे तीच. राज्याराज्यांत विखुरलेल्या समाजाला एक लिपी मिळाली आणि ती मुर्मूंनी नाटकं लिहून, गावोगाव फिरून, संघटना उभारून रुजवली. २००३ मध्ये संथाळी आठव्या अनुसूचीत आली, २००८ मध्ये ओल चिकीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मिशनऱ्यांच्या काळापासून रोमनमध्ये लिहिणारा संथाळ वर्ग आजही आपली बाजू सोडत नाही, हेही नोंदवायला हवं.

गोंडीचा अनुभव जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तो आपल्या जवळचा आहे. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक गोंडी लिपी तयार केली. दुसरी गोंडी लिपी आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांत सापडली आणि हैदराबादचे जयधीर तिरुमल राव यांच्या प्रयत्नांनी पुढे आली. दोन्ही युनिकोडमध्ये पोचल्या, मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. म्हणजे सुमारे ३० लाख लोकांच्या भाषेला आज दोन स्वतंत्र लिप्या आहेत, शिवाय महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगडात देवनागरी आणि तेलंगणात तेलुगू आहेच. स्वतंत्र लिपीने एकी होते हा संथाळीचा धडा असेल, तर गोंडीत ती एकी अजून साधलेली नाही.

प्रशांत महासागरातलं एक उदाहरण इथे आठवतं. वानुआतु या शंभरावर भाषांच्या बेटराष्ट्रात पेंटेकॉस्ट बेटावरचे प्रमुख विरालेओ बोबोरेनवानुआ यांनी आवोइउली नावाची लिपी घडवली. वाळूत एकसलग रेषेने काढायच्या पारंपरिक आकृत्यांवर तिची अक्षरं बेतलेली आहेत. त्यांच्या तुरागा चळवळीच्या शाळेत ती शिकवतात, चळवळीच्या बँकेच्या नोंदीही तीत होतात. तिला मर्यादा आहेत, बेटाबाहेर ती फारशी गेली नाही. पण तिच्यामागे लोकांच्या हाताला आधीच सवय असलेली एक रेषा होती, आणि शाळा-बँकेसारखं रोजचं काम होतं. बंजारा बायकांच्या भरतकामात, आरसे-कवड्यांच्या कशिद्यात आकृत्यांची अशीच मोठी परंपरा आहे. नवी लिपी करायचीच असेल तर तिचा उगम तिथे असावा, असं म्हणणं मला पोकळ वाटत नाही. मात्र हे म्हणणाऱ्यांनी मंठ्याच्या तांड्यावर ती कोण शिकवणार याचं उत्तर सोबत आणायला हवं.

रोमनची वाट

फोनवर तरुण मुलं गोरमाटी सर्रास रोमन अक्षरांत टाइप करतात. तेलंगणातल्या आत्तेभावाशी जालन्यातला मुलगा लिहून बोलणार असेल तर देवनागरी आणि तेलुगू यांच्यामध्ये रोमन हीच सामाईक जागा उरते. हा युक्तिवाद अजून कुणी मोठ्या व्यासपीठावरून जोराने मांडलेला नाही, पण तो रोज हजारो हातांनी अमलात येतो आहे.

रोमनचा भला-बुरा अनुभव गोव्यात पाहायला मिळतो. कोकणी रोमन लिपीत शतकानुशतकं लिहिली गेली, तियात्राची आणि ख्रिस्ती समाजाच्या वाचनाची ती लिपी. १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्याने मात्र देवनागरीतली कोकणी राजभाषा केली. पुरस्कार, नोकऱ्या, पाठ्यपुस्तकं देवनागरीकडे वळली आणि रोमीत लिहिणारे आपल्याच भाषेत बाहेरचे ठरल्याची खंत सांगू लागले. कर्नाटकात तीच कोकणी कन्नड लिपीतही चालते. एका लिपीला कायदेशीर मान दिला की दुसऱ्या लिपीतल्या वाचकाचं काय होतं, हे शिकायचं तर गोव्याहून दुसरं ठिकाण नाही. तेलंगणा-कर्नाटक-महाराष्ट्रात पसरलेल्या गोरमाटीने एक लिपी ठरवताना हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवलाच पाहिजे.

बेटांकडे पुन्हा पाहू. हवाईत अमेरिकन मिशनरी १८२० मध्ये पोचले, १८२२ मध्ये पहिली छपाई केली आणि १८२६ मध्ये मत घेऊन रोमन अक्षरं ठरवली. एकाच ध्वनीसाठी आलेल्या अक्षरजोड्यांतली काही अक्षरं त्यांनी काढून टाकली. साक्षरता झपाट्याने वाढली. पण घशात अडणारा एक ध्वनी त्यांनी अक्षरांत धरलाच नाही. १८९६ मध्ये शाळेतून हवाईयन हद्दपार झाली आणि विसाव्या शतकात जेव्हा ती पुन्हा शिकवायची वेळ आली, तेव्हा त्या ध्वनीची खूण लिखाणात पक्की करावी लागली, कारण नव्या मुलांना तो कानाने माहीत नव्हता. जोवर घरात भाषा जिवंत आहे तोवर अपुरं लिखाण चालून जातं. ती घरातून उठली की प्रत्येक गाळलेली खूण महाग पडते. गोरमाटीच्या शेवटच्या ‘अ’बद्दल आज जी बेफिकिरी परवडते, ती पुढच्या पिढीला परवडेल का, हा प्रश्न इथून थेट तांड्यावर येतो.

आधी आवाज, मग अक्षर

आणखी एक विचार आहे आणि तो बहुधा अभ्यासकांकडून येतो. लिपीवर भांडण्यात वर्षं घालवू नका, आधी ध्वनिमुद्रण करा. जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, उत्तर टोकाला जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ती ठामपणे बसवता आलेली नाही. ‘पाणी’साठी तिच्यात ‘जोप्पो’ आहे, जो शब्द आजूबाजूच्या मराठीत नाही की कोरकूत नाही, पण दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार आणि ते कोरकू किंवा मराठीही बोलतात. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी लोकांच्या भाषा जनगणनेच्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे निहाली त्या यादीतही नाही. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, अलीकडे डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी तिचा तपशीलवार अभ्यास केला. अशा भाषेला आज नवी लिपी देऊन काय साधणार? वृद्धांच्या तोंडून कथा, गाणी, झाडापाल्याची नावं टिपून ठेवणं जास्त तातडीचं, असं या मंडळींचं म्हणणं.

अंदमानात अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषेचं काम केलं तेव्हा आवाज आणि अक्षर दोन्ही हाताळले. त्या समाजाची मुलं हिंदी शाळेत देवनागरी शिकत होती, म्हणून शब्दकोशात देवनागरीचाही आधार घेतला. त्या कुळातली बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा बोआ जानेवारी २०१० मध्ये गेल्या. त्यांचा आवाज टिपलेला होता म्हणून ती भाषा आज ऐकता तरी येते.

या विचारावर आक्षेप एवढाच की ध्वनिफीत संग्रहात जाते, वही मात्र घरात राहते. तांड्यावरच्या कितीतरी मुलींच्या वहीत तीजेची गाणी बॉलपेनने उतरवलेली असतात, मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरांत, जसं सुचेल तसं. पुढच्या वर्षी त्या वहीवरून धाकट्या बहिणी गाणी पाठ करतात. लिखाणाचं हे काम कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता चालू आहे आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला सर्वांत आश्वासक पुरावा हाच आहे.

मराठीतून लिहिणं हाही एक निर्णय

एक वाट अशी आहे की जिची गणना लिपीच्या चर्चेत सहसा होत नाही. भटक्या-विमुक्तांच्या पहिल्या लेखक-पिढीने आपल्या भाषेची लिपी शोधण्यापेक्षा थेट मराठी उचलली. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’लाही पुढे तो मिळाला. बंजारा समाजातून आत्माराम राठोड यांचं ‘तांडा’ आलं. ही पुस्तकं मराठी आहेत, पण त्यांच्या संवादांत, शिव्यांत, नात्यांच्या नावांत घरची भाषा डोकावते. कैकाडी तर तमिळशी नातं सांगणारी भाषा, तिच्या ध्वनींचं देवनागरीत रूप त्या संवादांतच पहिल्यांदा अनेक वाचकांनी पाहिलं. या पिढीला समाजाचं दुःख बाहेरच्या जगाला सांगायचं होतं आणि त्यासाठी मराठी हाच मार्ग होता. आता लिहिणाऱ्यांना आपल्याच माणसांशी आपल्या भाषेत बोलायचं आहे. वाचक बदलला म्हणून लिपीचा प्रश्न आज टोकदार झाला.

काय सुटलेलं नाही

सगळ्या बाजू पाहिल्यावर मला असं दिसतं की लिपी आणि लेखनाचे नियम हे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. लिपी कुठलीही घ्या, जोडायचं-तोडायचं, छ-च, अनुस्वार हे निर्णय करावेच लागतील. मराठीनेही ते सहज केले नाहीत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, आणखी चार १९७२ मध्ये, आणि त्यांवर अजून वाद चालतात. गोंडीसाठी २०१४ ते २०१८ या काळात राज्याराज्यांतले गोंड एकत्र बसले, एकेका शब्दाचं सामाईक रूप ठरवत गेले आणि हंपीच्या कन्नड विद्यापीठाच्या साथीने शब्दकोश निघाला. तिथे लिपीचा वाद बाजूला ठेवून शब्दांवर बोलणं शक्य झालं. गोरमाटीच्या तीन राज्यांतल्या लेखकांनी तसं बसावं का, आणि बसवणार कोण, हे अनुत्तरित आहे.

प्रमाण रूप कोणाचं, हेही ठरलेलं नाही. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान, तिथे २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. त्या परिसरातलं बोलणं प्रमाण मानावं असं कुणी म्हणेल, तर संख्येने मोठ्या तेलंगणाने ते का मानावं? की प्रत्येक राज्याने आपलं बोलणं आपल्या लिपीत लिहावं आणि संगणकाने एकातून दुसऱ्यात आपोआप बदल करून द्यावा? ब्राह्मीतून निघालेल्या या लिप्यांची अक्षरं बहुतांशी एकास एक जुळतात, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. या सूचनेकडे मला अधिक लक्ष द्यावंसं वाटतं. पण त्यासाठीही आधी लेखनाचे समान नियम लागतातच.

आणि शाळा. घटनेचं ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगतं, २०२० चं शैक्षणिक धोरणही तेच सुचवतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली, तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. जालन्यात त्याच्याही आधीचा अडसर आहे. तांड्यावरची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मूल ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) असतं तेव्हा शाळाच नसते, मग लिपी कुठली हा प्रश्न त्याच्यापुरता लांबच राहतो. साखरशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात गोरमाटीची चार पानं देता आली तर ती कशी असावीत, याचा विचार लिपीच्या परिसंवादांत क्वचितच येतो.

एक काम मात्र कुणाचीही परवानगी न घेता करता येण्यासारखं आहे. तांड्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत एकच गोष्ट तीन तऱ्हांनी लिहून द्यायची, ‘जावछ’, ‘जावछं’ आणि ‘जावछऽ’. दुसरी-तिसरीच्या मुलांनी ती मोठ्याने वाचायची आणि याडी (आई), आजी, कारभारी यांनी शेजारी बसून ऐकायचं. मूल कुठे अडलं, कुठे ओळखीचा शब्द परका झाला आणि कुठे आजी हसून ‘हां, असंच’ म्हणाली, ते शिक्षकाने टिपून ठेवायचं. मंठ्यातलं हे टिपण तेलंगणातल्या तेलुगू लिपीतल्या टिपणाशेजारी ठेवलं, तर तीन राज्यांच्या बैठकीला चर्चेसाठी निदान एक सामाईक कागद मिळेल.